शेळीवाचून खरवस

डोळे मिटा बघू. कोणी अर्धवट उघडे ठेवले असतील तर तेही मिटा.

आता एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. मोठं नाही. एक ओटा, त्यावर गॅसची शेगडी, भिंतीला टांगलेली सुपं आणि चाळण्या. दिवस मावळायला आलाय, पण दिवा अजून लावलेला नाही. मागचं दार उघडं आहे आणि तिथून खाडीचा वारा येतोय, खारट, ओल्या चिखलाच्या वासाचा. शेगडीवर एक पातेलं आहे. एक बाई त्यात पांढरी भुकटी कालवतेय. हळूहळू वास वर येतो. गाईच्या दुधाचा नाही, म्हशीच्याही नाही. जरासा उग्र, चावलेल्या पाल्यासारखा. शेळीच्या दुधाचा.

आता कान द्या. मागच्या अंगणात काहीतरी चालतंय. टक, टक, टक. थांबलं. पुन्हा टक, टक. माणसाचं पाऊल असं वाजत नाही. मांजराचं तर वाजतच नाही. ती छोट्या खुरांची चाल आहे.

आणि त्या घरात शेळी नाही. शेजारीही नाही. त्या आळीत कितीतरी वर्षांत कोणी शेळी पाळलेली नाही.

उघडा डोळे. त्या स्वयंपाकघरात जी मुलगी ताटल्या मांडत होती, तिने तो आवाज ऐकला होता. तिचं नाव किमया. आणि तो आवाज आपल्याच एका शब्दामुळे आलाय, असं तिला मनातून वाटत होतं. तो शब्द कोणता, ते ऐका.

शेवरखार हे पेणच्या खाडीकाठचं गाव. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खारं पाणी, आणि दोघांच्या मधे मातीचा लांबलचक बांध. बांध आहे म्हणून शेती आहे, घरं आहेत, माणसं आहेत. किमयाचे वडील मितेश रोह्याच्या एका कंपनीत कामाला होते. जित्याच्या स्टेशनावरून गाडी धरायची, शिफ्ट करायची, परत यायचं. आई नमिता घरी पदार्थ करून पेणला नेऊन द्यायची. घावन, सांदण, ओल्या नारळाच्या करंज्या. तिच्या हाताला चव होती आणि तिला नवं काही करून बघायची हौसही होती.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. एकदा मितेश कामावरून येताना एक पिशवी घेऊन आला. त्याच्या कंपनीतल्या विशालची बहीण वैशाली कोलाडला राहायची. तिने आणि तिच्या गटातल्या बायकांनी शेळ्या पाळल्या होत्या. दूध जास्त झालं की ते वाळवून त्याची भुकटी करायला त्या शिकल्या होत्या.

"वैशालीने सांगितलंय, वहिनीला म्हणावं घरातल्या सगळ्या पदार्थांत घालून बघा," मितेश म्हणाला. "चांगलं झालं तरी सांगा, वाईट झालं तरी सांगा."

"वाईट झालं तर खाणार कोण?" नमिताने विचारलं.

"मी हाय की. डब्यात द्यायचं. कंपनीत लोक काय पण खातात."

किमया हसली. तिने पिशवीत नाक घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "ई, याला वास येतोय."

"शेळीला कळलं तर काय वाटेल तिला?" आई म्हणाली. "तुला कोणी असं म्हटलं तर?"

पहिल्या दिवशी नमिताने भुकटी सरळ उकळत्या पाण्यात टाकली आणि तिच्या गुठळ्या झाल्या. मग तिच्या लक्षात आलं. आधी कोमट पाणी घ्यायचं, तेही थोडंच. त्यात भुकटी लोण्यासारखी मऊ कालवायची आणि मग हळूहळू पातळ करायची. हे काम तिने किमयाला दिलं. चहात ते दूध बरं लागलं, आलं जरा जास्त घालावं लागलं एवढंच. लाल भोपळ्याच्या खिरीत तर छानच लागलं. हळदीचं पान घातलं की उग्र वास मागे सरतो, हेही कळलं. घावनाच्या पिठात घातलं तेव्हा घावन तव्याला चिकटले आणि मितेशच्या डब्यात गेले.

मग नमिता म्हणाली, "आज खरवस करूया."

तुमच्यापैकी काहींनी खरवस खाल्ला असेल. गाय, म्हैस किंवा शेळी व्याली की पहिल्या दिवसांत जे दाट, पिवळसर दूध येतं त्याला चीक म्हणतात. तो चीक गूळ घालून वाफेवर ठेवला की आपोआप थिजतो आणि त्याच्या थरथरत्या वड्या होतात. म्हणजे कुणाच्या घरी खरवस झाला याचा अर्थ त्या घरच्या गोठ्यात नवं पिल्लू आलं. पण हल्ली दूध पावडर, घट्ट दही आणि साखर एकत्र घुसळून, वाफवून तसलाच खरवस करतात. त्याला जनावर लागत नाही, पिल्लूही लागत नाही. नमिताने तोच केला. वर वेलची आणि जायफळ घातलं. वड्या अगदी खऱ्या खरवसासारख्या पडल्या.

खरवस एकट्याने खात नाहीत. शेजारी द्यावाच लागतो. नमिताने एका वाटीत दोन वड्या घातल्या, वर केळीच्या पानाचा तुकडा झाकला.

"चंद्राआजीला देऊन ये. आणि सांग, पावडरीचा हाय म्हणून. नायतर ती विचारत बसेल."

चंद्रावतीआजी म्हणजे मितेशची चुलती. शेजारच्याच घरात ती आणि जगनआजा राहायचे. आजी कामाला वाघीण होती. खांद्यावरून मिठाच्या टोपल्या वाहून तिचे खांदे रुंद झाले होते. अलीकडे मात्र ती थोडं विसरायची. मीठ दोनदा घालायची, आणि एकदा मितेशला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारली होती. बाकी ठणठणीत.

आळीत तेव्हा लगोरीचा डाव रंगला होता आणि किमयाचा नंबर यायचा होता. तिने वाटी आजीच्या हातात दिली आणि ती वळली.

"थांब गो," आजी म्हणाली. तिने पान बाजूला केलं, वास घेतला. तिचा चेहरा कसासाच झाला. "हा शेळीचा हाय."

"व्हय."

"कोणाची व्याली?"

आता पावडर, वैशाली, कोलाड, गट, हे सगळं सांगत बसायचं म्हणजे डाव संपलाच. किमया पटकन म्हणाली, "आमचीच."

"तुमची शेळी? कधी घेतली?"

"पप्पांनी आणली. रोह्यावरनं." हे तर जवळजवळ खरंच होतं, असं तिला वाटलं.

"आन पिल्लू?"

"हाय. एक."

"कसं हाय गो?"

बाहेरून मुलं हाका मारत होती. किमयाने जे तोंडात आलं ते सांगितलं. "काळं. कपाळावर पांढरा टिळा हाय."

आजीने वाटी खाली ठेवली. अगदी जपून, जणू ती फुटेल.

"त्याला डालग्याखाली ठेवलंत का?" तिने विचारलं. आवाज खाली गेला होता.

डालगं म्हणजे बांबूची मोठी टोपली. ती पिल्लावर का ठेवतात हे किमयाला ठाऊक नव्हतं. पण आजीच्या विचारण्यावरून तिला वाटलं, ठेवायला हवं असणार. शहाणी माणसं ठेवत असणार.

"व्हय," ती म्हणाली, "ठेवलंय," आणि पळाली.

तोच तो शब्द. व्हय.

आपल्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. साखर, चार दाणे तांदूळ, काहीतरी घालूनच देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नमिताला वाटी मागच्या दाराशी सापडली. तिच्यात शेवरीचा कोवळा पाला होता, आणि शेजारी फणसाच्या पानांची एक जुडी.

"हे काय गो?" नमिता म्हणाली. "खरवस दिला तर पाला दिला आजीने. आवडला नाय वाटतं."

किमयाला कळलं होतं पाला कोणासाठी आहे. आजी विसरून जाईल, दोन दिवसांनी सगळं मिटेल, असं तिने मनाशी ठरवलं. पाला तिने मागच्या पेरूखाली टाकला आणि ती शाळेला गेली.

संध्याकाळी ती पेरूखाली गेली तेव्हा तिथे फक्त काड्या होत्या. पानं देठापासून खुडलेली होती. गुरं अशी खात नाहीत. गुरं जुडी उचलून चघळतात आणि निम्मी सांडतात. इथे एकेक पान निवडून खाल्लं होतं आणि काड्या होत्या तशा ठेवल्या होत्या.

दुसऱ्या सकाळी पुन्हा पाला. संध्याकाळी पुन्हा काड्या.

आणि त्याच संध्याकाळी, नमिता खिरीसाठी भुकटी कालवत असताना, किमयाने ती चाल ऐकली. टक, टक, टक. दारापर्यंत आली आणि थांबली. किमयाच्या हातातली ताटली तशीच राहिली.

"आई, मागे कोणी हाय."

नमिताने मान वर करून पाहिलं. "कोण असणार? वाऱ्याने पत्रा वाजतोय. दार लाव, मच्छर येतात."

किमया दाराशी गेली. अंगणात कोणी नव्हतं. पण उंबऱ्याजवळची माती, जी आईने सकाळीच सारवली होती, तिच्यावर ओल्या चिखलाचे छोटे ठिपके होते. दोन दोन जोडून. खाडीच्या चिखलाचे, काळे. ते अंगणात येताना दिसत होते. जाताना दिसत नव्हते.

तिने दार लावलं. त्या रात्री खीर कोणालाच नीट गेली नाही. मितेशला दमल्यामुळे, नमिताला गोड जास्त झालं म्हणून, आणि किमयाला का ते तुम्हाला माहीत आहे.

रविवारी जगनआजा ओटीवर जाळं विणत बसला होता. त्याचे गुडघे कधीचेच गेले होते. बसलेला माणूस उठायचा तर खांबाला धरून उठायचा. किमया त्याच्याजवळ जाऊन बसली.

"आजा, आजी कुठे जाते रोज संध्याकाळी?"

"तू पण पाहिलंस?" आज्याने दोरा दाताने तोडला. "बांधावर जाते. उघाडीच्या तिकडं. मी म्हटलं, काय गो, माहेर काढलंस का खाडीत? तर बोलत नाय. काल चिखलात लुगडं भरवून आली गुडघ्यापर्यंत."

उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खाडीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, यासाठी ती असते. तिच्या पलीकडे तिवरांचं रान आणि मऊ चिखल. पोरांना तिकडे जायची बंदी होती.

"कशाला जाते?"

आजा जाळ्याची गाठ मारत राहिला.

"तुझ्या जन्माआधीचं हाय," तो म्हणाला. "आमच्याकडे शेळी होती. आजीची लाडकी. माझ्यापेक्षा तिला जास्त खायला मिळायचं. ती व्याली. एकच पिल्लू झालं. तुला ठाऊक हाय ना, पिल्लू रात्रभर आईजवळ राहिलं तर सगळं दूध पिऊन टाकतं? मंग माणसाला काय? म्हणून सांजेला पिल्लू पोटभर पाजायचं आन डालग्याखाली झाकायचं. सकाळी सोडायचं. सगळेच करतात. यात वाईट काय नाय."

"मंग?"

"मंग उधाण आलं. अमावास्येचं पाणी आन वरून वारा. बांधाला खांड पडली. म्हणजे बांध फुटला गो. पाणी धडधडत आत. आम्ही सगळे खांड बुजवायला पळालो, गडी, बाया, पोरं, सगळे. आजीने जाताना शेळीचं दावं सोडलं. पोहेल बापडी, म्हणाली. पिल्लू डालग्याखाली होतं. ते तिच्या ध्यानातून गेलं. घाईच तशी होती."

आज्याचे हात थांबले होते.

"पाणी उतरल्यावर घरी आलो तर शेळी मागच्या दाराशी उभी. डालगं नाय, पिल्लू नाय, सगळं खाडीत. शेळीची कास भरलेली, दूध गळतंय, आन ती वरडतेय. कितीतरी दिवस वरडत होती. दूध काढू दिलं नाय कोणाला. मंग एके दिवशी ती पण गेली बांधाकडे, ती आलीच नाय. त्यानंतर आजीने शेळीचं नाव काढलं नाय. दूध पण घरात येऊ दिलं नाय." त्याने पुन्हा सुई उचलली. "आता कोणीतरी तिला सांगितलंय, पिल्लू डालग्याखाली हाय. माझ्याशी भांडते. म्हणते, तुम्ही सोडत नाय, मी सोडते. कोणी सांगितलं देव जाणे."

किमयाने विचारलं, "ते पिल्लू कसं होतं?"

"काळं होतं. इथं पांढरा टिळा," आज्याने आपल्या कपाळावर बोट ठेवलं. "का गो?"

"काय नाय," किमया म्हणाली.

ती घरी आली आणि कितीतरी वेळ अंथरुणाच्या वळकटीला टेकून बसली. काळं आणि पांढऱ्या टिळ्याचं, हे तिला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. ते आपोआप तिच्या तोंडात आलं होतं. आपण खोटं बोललो, हे एक. पण ते खोटं आपलं तरी होतं का? तिला आईला सांगावंसं वाटलं. आई पेणहून येईपर्यंत थांबू, आल्याबरोबर सांगू, असं तिने ठरवलं.

पण आई यायच्या आधी जगनआज्याची हाक आली.

"किमे! अगो किमे!"

तो ओटीच्या खांबाला धरून उभा होता. दुसऱ्या हातात काठी होती, पण पाय उचलत नव्हते.

"आजी गेली बघ. दिवस बुडतोय आन पाणी चढतीचं हाय. बाप कुठाय तुझा?"

"शिफ्टला."

"कमळाकरला बोलव. नायतर कोणाला पण बोलव. धाव."

किमया आळीतल्या कमळाकरकाकाच्या घरी धावली. दाराला कुलूप होतं. पुढच्या घरात टीव्ही लागला होता. तिने ओट्यावरच्या बाईला ओरडून सांगितलं, "चंद्राआजी उघाडीवर गेली, कोणाला तरी पाठवा," आणि ती थांबली नाही. माणसं चपला घालतील, बॅटरी शोधतील, एकमेकांना विचारतील, तोवर पाणी चढेल. ती बांधाच्या वाटेने पळत सुटली.

आकाश अजून तांबूस होतं. बांधाच्या आतल्या बाजूला कापलेल्या भाताचे खुंट होते, बाहेरच्या बाजूला तिवरं काळी पडत चालली होती. तिवरांच्या मुळांतून पाणी येत होतं. भरतीचं पाणी धावत येत नाही. बघता बघता एक दगड असतो, आणि मग नसतो.

आजी बांधाखाली उतरली होती. उघाडीच्या पलीकडे, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, वाकून तिवरांच्या फांद्या बाजूला करत होती.

"आजी!"

आजीने मान वळवली. चेहरा शांत होता. कामात असलेल्या माणसाचा असतो तसा. "आलीस? बरं झालं. तू तिकडून बघ, मी इकडून बघते. डालगं उलटं पडलं असेल. वर नुसता पाला दिसेल."

"आजी, वर ये. पाणी येतंय."

"म्हणूनच म्हणते, लवकर बघ."

किमया बांधावरून खाली सरकली. चिखल गार होता, पाऊल घट्ट धरून ठेवत होता. ती आजीजवळ पोचली आणि तिने तिचं मनगट पकडलं. आता सांगायलाच हवं होतं. पाणी आजीच्या लुगड्याच्या काठाला लागलं होतं. आणखी आत गेली तर ते कमरेला लागणार होतं, आणि तिथून तिला ओढून काढायची ताकद किमयाकडे नव्हती.

"आजी, मी खोटं बोलले. आमच्याकडे शेळी नाय. पिल्लू पण नाय. तो खरवस पावडरीचा होता. पप्पांनी पिशवीतून आणली. डालगं पण नाय. मला खेळायला जायचं होतं म्हणून मी व्हय म्हटलं."

आजी तिच्याकडे पाहत राहिली. तिला कळलं होतं, हे किमयाला दिसलं. तिच्या डोळ्यांत ते उतरलं, हळूहळू, वाळूत पाणी मुरावं तसं. क्षणभर किमयाला वाटलं, झालं, आता आजी रागावेल, दोन चापट्या मारेल आणि आपण घरी जाऊ.

"पिल्लू नाय," आजी म्हणाली.

"नाय, आजी."

"मंग ते वरडतंय कोण?"

किमयाने श्वास धरला. वारा पडला होता. पाण्याची चुळबुळ ऐकू येत होती. आणि तिच्या पलीकडे, तिवरांत, बारीक, कापरा, उपाशी आवाज. एकदा. मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा, जरा आतून.

नाही म्हणायला तिचं तोंड उघडेना. आज तिने ठरवलं होतं खरं बोलायचं, आणि आता खरं बोलायचं तर ती तो आवाज ऐकत होती. आजीने मनगट सोडवून घेतलं. ती आवाजाकडे एक पाऊल गेली, मग आणखी एक. पाणी गुडघ्यावर आलं.

किमयाला रडू येत होतं. पण रडत उभं राहायला वेळ नव्हता. तिने पाहिलं, आवाज आत गेला की आजी आत जाते. आजी आवाजाच्या मागे आहे. आणि आवाज? तो कशाच्या मागे असेल? एवढंसं पिल्लू अंधारात कोणाच्या मागे जाईल?

जो त्याला बोलावेल त्याच्या.

ती आजीला ओढायला गेली नाही. ती वळली, पाठ तिवरांकडे केली, तोंड घराकडे केलं, आणि बांधाच्या दिशेने चिखलातून पाय उपसत चालू लागली. "ये, ये, ये," ती म्हणाली. आवाज घाबरलेला आणि खरखरीत निघाला. "ये, ये. घरी चल."

मागे पाण्यातली पावलं थांबली.

"असं नाय बोलवत," आजी म्हणाली. "कुत्र्याला बोलवतेस का?"

"मंग कसं?"

"जीभ टाळूला लाव. हलकेच. आन मधे मधे थांब, त्याला वाटलं पायजे आई थांबलीय."

किमयाने जीभ टाळूला लावून आवाज काढला. नीट जमला नाही. मग तिच्या मागून आजीने काढला. मऊ, ओला, चक् चक् असा, इतक्या वर्षांत न विसरलेला. आणि तो काढता काढता आजी वळली होती, कारण पुढे चालल्याशिवाय ती हाक मारताच येत नाही. शेळ्या राखणारी माणसं पुढे चालतात आणि हाक मागे टाकतात.

बांधावर चढताना किमयाने आजीला हात दिला. दोघींच्या अंगाला कोपरापर्यंत चिखल होता. बांधावर आल्यावर तिने मागे वळून पाहायला मान फिरवली, तर आजीने तिचं डोकं तळहाताने सरळ केलं.

"बघू नको. बुजतं ते."

मग दोघी चालल्या. आजी हाक मारत होती, किमया मधे मधे थांबत होती. खालच्या चिखलात चुबुक चुबुक वाजलं. मग काही नाही. मग बांधाच्या सुक्या मातीवर, त्यांच्या मागे, टक, टक, टक. त्या थांबल्या की ते थांबायचं. किमयाने आजीचा हात सोडला नाही आणि पाऊल घाईने टाकलं नाही. घाई केली तर मागचं मागे राहील, आणि ते मागे राहिलं तर आजी परत फिरेल, हे आता तिला नीट कळलं होतं.

वाटेत बॅटऱ्या घेऊन येणारी माणसं भेटली. कोणीतरी म्हणालं, "म्हातारे, जीव द्यायला गेली होतीस का?" आजी म्हणाली, "बाजूला व्हा, वाट द्या." त्यांनी वाट दिली. त्यांतला एक माणूस त्या गेल्यानंतरही आणखी थोडा वेळ बाजूलाच उभा राहिला, आणि मग आपण का उभे आहोत ते न कळून चालू लागला.

जगनआजा अजून खांबाला धरूनच उभा होता. आजीला पाहून त्याने काठी टाकली आणि तो मटकन खाली बसला. आजी मागच्या दाराने आत गेली, तिने मोरीवर पाय धुतले, चुलीपाशी टेकली आणि म्हणाली, "सांग तुझ्या आईला, ती पावडर थोडी दे म्हणावं. वाटीत कालवून. कोमट पायजे."

किमया तिच्या मागोमाग उंबरा ओलांडून आत आली होती. बाहेर अंगणात आता पुरता अंधार झाला होता. तिने दाराला हात घातला. मग ती दारातून जराशी बाजूला झाली, भिंतीला चिकटून, आणि दार तसंच उघडं धरून उभी राहिली. एवढंसं काहीतरी उंबऱ्यावर अडखळून आत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. मग तिने दार लोटलं आणि कडी घातली.